अनेक कंठ आणि एक शब्द

पाश्चात्त्य संगीताविषयी आपल्याकडे, विशेषतः ज्या घरांतून तीन-चार पिढ्या गाण्याच्या बैठका होत आल्या अशा घरांतून, एक आक्षेप हमखास ऐकू येतो. चौघे जण एकाच वेळी चार निरनिराळ्या गोष्टी गातात, मग ऐकायचे कुणाचे? आणि शब्द तर मुळीच कळत नाहीत! पाश्चात्त्य संगीताचे आपल्याकडील पुरस्कर्ते हा आक्षेप अडाणीपणाचा ठरवून मोकळे होतात. मला ते मान्य नाही. हाच आक्षेप युरोपने स्वतःवर शतकानुशतके घेतला आहे. पॉलिफनीचा, म्हणजे अनेक स्वतंत्र स्वरपंक्ती एकाच वेळी चालविणाऱ्या संगीताचा, इतिहास हा बऱ्याच अंशी या आक्षेपाला दिलेल्या उत्तरांचा इतिहास आहे. पाठ्यपुस्तके मात्र तो शिडीसारखा सांगतात : आधी एक स्वर, मग दोन, मग चार, आणि शेवटी बाख. या शिडीत मूळचे भांडणच नाहीसे होते.

प्रारंभ अगदी साधा आहे. नवव्या शतकाच्या अखेरीच्या ‘मुझिका एन्किरियाडिस’ या लॅटिन ग्रंथात चर्चमधील धून एकाने गावी आणि दुसऱ्याने तीच चौथ्या वा पाचव्या स्वराच्या अंतरावरून बरोबरीने गावी, अशी रीत वर्णिली आहे. आपल्या परिभाषेत सांगायचे तर षड्ज-मध्यम आणि षड्ज-पंचम भाव. दुसरा कंठ येथे पहिल्याची सावली आहे, त्याला स्वतःची इच्छा नाही.

ती इच्छा पॅरिसला प्रकट झाली. ११६३ च्या सुमारास नोत्र दाम कॅथेड्रलचे बांधकाम सुरू झाले आणि त्याच काळात लेओनँ व पेरोतँ हे दोन रचनाकार तेथे होऊन गेले. त्यांची नावे आपल्याला कळतात ती तेराव्या शतकातील एका लेखकाच्या टिपणामुळे, ज्याचे स्वतःचे नाव मात्र कुणालाच ठाऊक नाही! पेरोतँची ‘विदेरुंत ओम्नेस’ ही चार कंठांची रचना आजही ध्वनिमुद्रणात सहज ऐकता येते. तळाशी मूळ धुनेचा एकेक स्वर दीर्घकाळ धरून ठेवलेला, आणि त्यावर तीन कंठ ठेक्यात नाचत, एकमेकांचे तुकडे उचलीत जातात. ऐकताना तानपुऱ्याची आठवण होणे स्वाभाविक आहे, पण साम्य तेथेच संपते. आपला षड्ज अढळ असतो. येथे पुढचे अक्षर आले की तळच सरकतो आणि वरच्या तिघांचे सगळे नाते बदलते. त्या सरकण्याच्या क्षणी अंगावर काटा येतो. परंतु किंमतही पाहावी. एकेक अक्षर इतके लांबते की कोणता शब्द चालला आहे याचा पत्ता श्रोत्याला लागत नाही. भव्यता मिळाली आणि शब्द गेला, तो अगदी पहिल्याच फेरीत.

हे चौघे एकत्र राहिले ते लेखनामुळे. अकराव्या शतकात गुइदो द’आरेत्सोने रेघांवर स्वर लिहिण्याची पद्धत रूढ केली. पॅरिसकरांनी तिला कालमानाची जोड दिली. आम्हां सरकारी नोकरांना शिकविले जाई की जे कागदावर नाही ते घडलेच नाही. पॉलिफनीची वाढ तशीच कागदावर झाली. लेखनाविना अनेक कंठांचे गाणे असूच शकत नाही असे मात्र नव्हे. जॉर्जियातील खेडुतांचे आणि मध्य आफ्रिकेतील आका लोकांचे गायन त्याला साक्ष आहे. पण एका पिढीची गुंतागुंत पुढच्या पिढीने उघडून तपासावी, तिच्यावर मात करावी, हे कागदानेच शक्य केले.

मग तक्रारी सुरू झाल्या. १३२४-२५ च्या सुमारास पोप बाविसाव्या जॉनने फर्मान काढले. गायक मूळ धून तोडतात, स्वरांची धावपळ करतात, भक्तीऐवजी कानाची चैन करतात, असा त्याचा आशय. फर्मानाचा परिणाम फारसा झालेला दिसत नाही, कारण त्याच शतकात गियोम द माशोने संपूर्ण मासची, म्हणजे कॅथलिक उपासनाविधीच्या गायनाची, चार कंठांची रचना केली. पंधराव्या शतकात इंग्लंडकडून षड्ज-गांधाराच्या अंतराची गोडी आली आणि ओकेगेम, जोस्कँ यांच्या हाती सर्व कंठ समान दर्जाचे झाले. थॉमस टॅलिसने तर पुढे चाळीस कंठांची रचना केली. ती थक्क करते. मला मात्र तीत कारागिरी अधिक जाणवते.

त्रेंत येथील धर्मपरिषदेच्या (१५४५-६३) वेळी चर्च पॉलिफनीवर बंदी घालणार होते आणि पालेस्त्रीनाने ‘पोप मार्सेलसचा मास’ रचून तिला वाचविले, ही कथा प्रसिद्ध आहे. त्यावर १९१७ मध्ये ऑपेराही झाला. परिषदेने अशी बंदी ठरविलीच नव्हती, त्यामुळे इतिहास म्हणून कथा टिकत नाही. पण ती रचना ऐकली म्हणजे कथा का जन्मली ते कळते. जेथे मजकूर थोडा आहे तेथे पालेस्त्रीना सहा कंठ मनसोक्त विणतो. जेथे मजकूर लांब आहे तेथे सर्वांकडून अक्षरे बहुतेक एकदमच उच्चारवितो. ही तडजोड आहे, पण फार सुरेख. दोन पंक्ती बरोबरीने चालल्या की ती पॉलिफनी, असा समज आपल्याकडे आहे, तोही येथे तपासून घ्यावा. गोव्याचा मांडो दोन कंठांत गातात तेव्हा दुसरा कंठ बहुधा पहिल्याच्या हातात हात घालून चालतो. ते गोड असते, पण तो स्वरमेळ. पॉलिफनीत हात सुटलेला असावा लागतो.

सर्वांत कठोर प्रहार आतूनच झाला. विन्चेन्त्सो गॅलिलेई (ज्योतिर्विद गॅलिलिओचे वडील) स्वतः वादक आणि पॉलिफनीचे शिक्षण घेतलेले गृहस्थ. १५८१ मध्ये त्यांनी लिहिले की एक कंठ चढतो तेव्हा दुसरा उतरतो, एक घाईत असतो तेव्हा दुसरा संथ. मग भाव कोणता उरणार? भाव हवा तर एकाच कंठाने गावे. आपल्या बैठकीतला आक्षेप तो हाच! काही वर्षांतच फ्लॉरेन्समध्ये ऑपेरा जन्मला, आणि रंगभूमीपुरता तरी गॅलिलेईंचा विजय झाला.

माझ्या मते त्यांचे म्हणणे शब्दांपुरते खरे होते. त्याचे पूर्ण उत्तर मिळाले ते शब्दच बाजूला ठेवल्यावर, वाद्यांत. बाखच्या फ्यूगमध्ये एकच लहानशी सुरावट एकामागून एक पंक्ती उचलतात, आणि पुसून जायला अर्थच नसल्यामुळे कान सगळ्यांमागे मोकळेपणाने धावू शकतो. याही संगीताला १७३७ मध्ये शाइब नावाच्या समीक्षकाने बोजड ठरविलेच होते. बाखच्या गायनरचनांतही शब्द कित्येकदा हरवतात, हे त्यांच्या भक्तांनी मान्य करायला हरकत नसावी.

ज्यांना प्रारंभ करायचा आहे त्यांनी चाळीस कंठांच्या वाटेला जाऊ नये. बाखचा दोन व्हायोलिनांचा डी मायनर कॉन्चेर्तो घ्यावा आणि त्याचा मधला संथ भाग लावावा. आधी दुसरे व्हायोलिन सुरू होते. थोड्या वेळाने पहिले तीच सुरावट वरून घेते. पहिल्या खेपेस फक्त दुसऱ्याचाच माग ठेवावा, पहिले कितीही मोहात पाडो.