टोपी आणि लिफ्ट : गांधींचे लंडनमधले पहिले दिवस

माझी मावसबहीण या सप्टेंबरात एमएस करायला जर्मनीला चालली आहे. इंजिनियरिंगच्या तिसऱ्या वर्षाला मी एक सेमिस्टर तिकडं एक्सचेंजवर होतो, म्हणून मावशीनं तिला माझ्याकडं पाठवलं. मी माझी ठरलेली यादी तिच्या हातात ठेवली. रविवारी दुकानं बंद असतात, शनिवारी पोचलीस तर आधी ब्रेड-दूध घेऊन ठेव. रिकाम्या बाटल्या टाकू नकोस, दुकानात परत दिल्या की पैसे मिळतात. पत्त्याची नोंदणी लगेच कर. तिनं सगळं वाचलं आणि म्हणाली, "दादा, हे तुला नंतर कळलेलं आहे. पहिल्या दिवशी काय झालं होतं ते सांग ना."

मी खिडकीचा किस्सा सांगितला. तो मी गेली काही वर्षं सगळ्यांनाच सांगतो. ती हसली, पण तिला हवं होतं ते मिळालं नाही हे मला दिसलं. त्याच सुमारास मी गांधींच्या लंडनमधल्या पहिल्या दिवसांचे दोन वृत्तांत शेजारी ठेवून वाचत होतो. दोन्ही गांधींनीच लिहिलेले आहेत आणि दोन्हींत घटना त्याच आठवड्यातल्या आहेत. तरी ते वाचताना दोन वेगळी माणसं भेटतात. बहिणीच्या प्रश्नाचं उत्तर या फरकात आहे असं मला वाटतं.

पहिला वृत्तांत सर्वांच्या ओळखीचा आहे. 'सत्याचे प्रयोग' 1925 ते 1929 या काळात 'नवजीवन'मधून प्रकरणाप्रकरणानं आलं. 4 सप्टेंबर 1888 ला मुंबई सोडलेला मुलगा महिनाअखेरीस साउदॅम्प्टनला उतरतो. बोटीवर काळा सूट घातलेला, उतरताना घालायला म्हणून पांढरा फ्लॅनेलचा सूट राखून ठेवलेला. धक्क्यावर पाहतो तर पांढऱ्या कपड्यांत तो एकटाच. बाकीचे कपडे सामानात आणि सामान एजंटाच्या ताब्यात. दुसरा दिवस रविवार, म्हणजे सोमवारपर्यंत सुटका नाही. संध्याकाळी डॉ. प्राणजीवन मेहता हॉटेलवर भेटायला येतात. बोलता बोलता हा त्यांची उंच टोपी उचलतो, तिच्यावरून उलटा हात फिरवतो आणि लव विसकटते. मेहता रागानं बघतात, थांबवतात आणि मग युरोपी रीतीभातींचा पहिला धडा देतात : दुसऱ्याच्या वस्तूला हात लावू नये, ओळख होताच हिंदुस्थानातल्यासारखे प्रश्न विचारू नयेत, मोठ्यानं बोलू नये, ज्याला त्याला 'सर' म्हणू नये.

प्रकरणाची बांधणी बघा. सूट ही चूक, त्याची शिक्षा लाज. टोपी ही चूक, तिची शिक्षा धडा. हॉटेलचं 3 पौंडांचं बिल हा धक्का, आणि इतके पैसे मोजूनही पोट उपाशीच. दिवस निघाले ते मुंबईहून बांधून आणलेल्या खाण्यावर. पुढं रात्री घराच्या, आईच्या आठवणीनं रडू येतं, ते कुणाला सांगायची सोय नाही. पण त्यालाही आतला आवाज लगेच उत्तर देतो : आलास तर तीन वर्षं पुरी कर. लपवाछपवी कुठंच नाही. पण उत्तर न मिळालेली अशी एकही गोष्ट या प्रकरणात शिल्लक राहत नाही.

दुसरा वृत्तांत फार कमी लोक वाचतात. 12 नोव्हेंबर 1888 ला, म्हणजे उतरल्यावर साधारण सहा आठवड्यांनी, एकोणीस वर्षांच्या या मुलानं इंग्रजीत रोजनिशी लिहायला घेतली. मूळ वही आता सापडत नाही. छगनलाल गांधींनी तिच्यातली सुमारे 20 पानं उतरवून घेतली होती, ती समग्र वाङ्मयाच्या पहिल्या खंडात आहेत. इंग्रजी अडखळणारं आहे, कारण बोटीवर या मुलाला इंग्रजी बोलायचंही धैर्य होत नव्हतं.

इथं तेच व्हिक्टोरिया हॉटेल भेटतं. पण सगळीकडं विजेचे दिवे आहेत आणि मुलाचे डोळे दिपलेत. तो एकटा नाही, बोटीवरचे दोघं बरोबर आहेत. त्यांतला एक, लंडनमध्ये वर्षानुवर्षं राहिल्याच्या ऐटीत दाराशी आलेल्या हमालाला हुकूम सोडतो. आपला रोजनिशीकार लगेच नोंदवतो, की याचे कपडे त्या हमालाहून बहुधा वाईटच होते! मॅनेजर दुसऱ्या मजल्याबद्दल विचारतो. भाडं विचारणं कमीपणाचं वाटून हा गृहस्थ हो म्हणून टाकतो. मुलगा मनातल्या मनात हसतो. मग लिफ्ट येते. लिफ्ट म्हणजे काय हे त्याला माहीत नाही. घंटेचं बटण त्याला दाराचं कुलूप वाटतं. दार उघडतं तेव्हा वाटतं, ही खोली, इथं थोडा वेळ बसायचं असेल. आणि ती खोली त्यांना दुसऱ्या मजल्यावर नेऊन सोडते.

आत्मचरित्रात ही लिफ्ट नाही. का नाही, याचा मी बराच विचार केला. लिफ्टमधून काही शिकायला मिळत नाही, असं मला वाटतं. टोपी उलटी कुरवाळणं ही वागणुकीतली चूक आहे, ती सुधारता येते. लिफ्टला खोली समजणं ही चूकच नाही, ते नुसतं न कळणं आहे. 'प्रयोग' लिहिणाऱ्याला त्याचा काही उपयोग नाही. पण नव्या देशातले पहिले दिवस असतात ते मुख्यत्वे असेच. चुका करायलाही आधी थोडं कळावं लागतं.

दुसरी गळती मला जास्त मोलाची वाटते. 3 पौंडांचं बिल आत्मचरित्रात आहे, पण भाडं न विचारता हो म्हणणारा सोबती या दृश्यात नाही. बिल उरलं, त्यामागची तिघांची गंमत आणि भीती गेली. आत्मचरित्रातला गांधी स्वतःकडं बघतो, म्हणून त्या दिवसांत एकटा पडतो. रोजनिशीतला मुलगा दुसऱ्यांकडं बघतो, थोडा खवचटपणे. हसतो, कारण त्यालाही दर विचारायचं धाडस नाही. रोजनिशी निरागस आहे असं मी म्हणणार नाही. सहा आठवड्यांत माणूस पुष्कळ शहाणा होतो आणि दुसऱ्याच्या कपड्यांवर बोट ठेवणं हेही स्वतःची लाज झाकणंच. पण ही लाज वाटून घेतलेली आहे.

आमच्या कामात सर्व्हर बंद पडला की दोन गोष्टी मागं राहतात : लॉग, आणि आठवड्यानंतर लिहिलेला अहवाल. अहवालात कारण, उपाय, धडा सगळं असतं. लॉगमध्ये फक्त काय झालं ते असतं, क्रमानं. अहवाल खोटा नसतो, पण पुन्हा तपासायचं झालं की आम्ही लॉगच उघडतो. परदेशाबद्दल मराठीत आपण बहुतेक अहवाल लिहितो. 'अपूर्वाई'पासून (1960) फजितीचा विनोद करायची एक सुंदर सवय आपल्याला लागली. पण पु. लं.ची नजर नसलेल्या आमच्यासारख्यांच्या हातात विनोद हासुद्धा एक धडाच होतो : बघा, तेव्हा मी किती बावळट होतो.

म्हणून मी जुना फोन चार्ज केला आणि माझा लॉग बघितला. किस्सा असा, की हॉस्टेलच्या खोलीतल्या खिडकीची मूठ मी फिरवली आणि अख्खी खिडकी वरून आत कलली. तिथल्या खिडक्या मूठ वर केली की तशाच कलतात, हे मला माहीत नव्हतं. मी ती दोन्ही हातांनी धरून उभा राहिलो. किस्सा इथं संपतो आणि लोक हसतात.

आमच्या तिघांच्या ग्रुपवर पुढचं होतं. "मोडली बहुतेक. किती पैसे लागतील?" बाबांनी माझ्यासाठी कर्ज काढलं होतं आणि रात्रभर मी युरोचे रुपये करत होतो. त्याच मिनिटाला आईला गेलेला मेसेज : "पोचलो. रूम मस्त आहे." आणि शेजारच्या खोलीतल्या मित्राचं उत्तर, जो विमानतळापासून आपल्याला सगळं माहीत असल्यासारखा वागत होता आणि ज्याची मी वर्षभर टिंगल केली : "तिघांत वाटून भरू. झोप आता." किस्सा सांगताना मी त्याला कधीच घेतलेलं नाही.

गांधींच्या वहीबद्दल एक गोष्ट सांगायची राहिली. छगनलाल 1909 मध्ये पहिल्यांदाच लंडनला निघाले होते, तेव्हा गांधींनी ती त्यांना दिली. तोवर त्यांच्यापाशी लंडनबद्दल सांगण्यासारखे धडे भरपूर असणार. तरी निघणाऱ्या माणसाच्या हातात त्यांनी ठेवली ती एकोणीस वर्षांच्या मुलाची लिफ्ट न कळलेली वही.

बहिणीला यादी दिलेली आहेच, ती उपयोगाची आहे. काल रात्री त्या तीन मेसेजांचे स्क्रीनशॉटही पाठवले. तिचं उत्तर आलं, "तो मित्र आता कुठं असतो?" मला माहीत नव्हतं. शोधतोय.