सुरीची धार आणि सुरी धरणारा हात

लोकप्रशासन या विद्याशाखेचा आरंभ वूड्रो विल्सन यांच्या १८८७ मधील 'द स्टडी ऑफ अ‍ॅडमिनिस्ट्रेशन' या निबंधापासून धरण्याचा प्रघात आहे. आपल्याकडेही केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेला लोकप्रशासन हा वैकल्पिक विषय घेणाऱ्याला विल्सन यांची दृष्टी अभ्यासावी लागते. उद्या जिल्ह्याचा कारभार पाहणारा तरुण ज्या निबंधापासून सुरुवात करतो, त्याची समीक्षा शोषितांच्या बाजूने होणे अगत्याचे आहे.

निबंधाचा गाभा असा : राजकारण वेगळे, प्रशासन वेगळे. धोरण लोकप्रतिनिधींनी ठरवावे, अंमलबजावणी प्रशिक्षित नोकरवर्गाने करावी. युरोपातील राजेशाह्यांकडून कारभाराचे तंत्र घ्यायला हरकत नाही, हे पटवताना विल्सन सुरीला धार लावणाऱ्या खुनशी माणसाचा दाखला देतात. त्याची धार लावण्याची रीत उचलावी, हेतू उचलू नये, असा हा युक्तिवाद. तो चतुर आहे. पण सुरी कोणाच्या हातात आहे आणि कोणाच्या मानेवर चालणार आहे, हा प्रश्न निबंधाला पडत नाही. ज्यांच्या मानेवर ती पिढ्यान्‌पिढ्या फिरली, त्यांना मात्र दुसरा प्रश्न सुचत नाही.

उत्तर विल्सन यांच्याच राजवटीने दिले. मार्च १९१३ मध्ये ते राष्ट्राध्यक्ष झाले आणि त्याच वर्षी पोस्ट व ट्रेझरी खात्यांत काळ्या कर्मचाऱ्यांच्या बसण्याच्या, जेवणाच्या जागा आणि शौचालये वेगळी होऊ लागली. १९१४ मध्ये नोकरीच्या अर्जाला छायाचित्र जोडणे सक्तीचे झाले. अर्जदाराचा रंग आता कागदावरच कळू लागला. त्या नोव्हेंबरात विल्यम मनरो ट्रॉटर शिष्टमंडळ घेऊन जाब विचारायला गेले. घर्षण टाळण्यासाठीच हे वेगळेपण आहे, असे विल्सन यांनी सांगितले आणि ट्रॉटर यांच्या बोलण्याचा सूर खटकला म्हणून भेट संपवली. घर्षण नको, काम सुरळीत चालावे, ही भाषा प्रशासनाचीच होती. गावची शांतता बिघडू नये म्हणून वेगळा पाणवठा राखणाऱ्या आपल्या पाटलाची भाषा याहून निराळी नव्हती.

त्याच १९१३ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. विल्सन यांचा निबंध ज्या 'पोलिटिकल सायन्स क्वार्टर्ली'त आला, ते याच विद्यापीठाच्या राज्यशास्त्राच्या अध्यापकांनी चालवलेले नियतकालिक. १९१७ साली बाबासाहेब बडोदा संस्थानाच्या सेवेत रुजू झाले, तेव्हा शिपाई फायली दुरून फेकत, असे चरित्रकार सांगतात. फाईल टेबलावर पोचत होती, म्हणजे निबंधाच्या निकषाने कारभार सुरळीतच होता! माणसाचा अपमान मोजण्याचे माप त्या निकषात नाही.

ही उणीव अमेरिकन अभ्यासकांनाही जाणवली. १९६८ च्या मिनोब्रुक परिषदेनंतर फ्रेडरिक्सन यांनी सामाजिक समता ही काटकसर आणि कार्यक्षमता यांच्या पंक्तीला बसवली. १९८९ मध्ये बालकांच्या मानसिक आरोग्यसेवेच्या संदर्भात मांडली गेलेली 'सांस्कृतिक सक्षमता' ही संकल्पना पुढे प्रशासनाच्या वर्गातही आली. इतर समाजांच्या चालीरीती आणि भावना अधिकाऱ्याने जाणाव्यात, हे तिचे सांगणे. हेतू चांगला, पण केवळ एवढेच शिकवले तर निदान अपुरे. विल्सन दक्षिणेत जन्मले, वाढले. काळी माणसे त्यांना अपरिचित नव्हती. गावच्या कुलकर्ण्याला महारवाड्याची रीतभात ठाऊक नव्हती काय? ठाऊक होती, म्हणूनच कोणाला कुठे उभे करायचे हे त्याला अचूक कळत होते. अज्ञान हा इथला मूळ रोग नाही; वर्चस्व हा आहे. म्हणून दुसऱ्याची संस्कृती शिकण्याआधी अधिकाऱ्याने आपल्या खुर्चीचा इतिहास शिकला पाहिजे.

जून २०२० मध्ये प्रिन्स्टन विद्यापीठाने आपल्या सार्वजनिक धोरणाच्या विद्यालयावरून विल्सन यांचे नाव काढले. जानेवारी २०२१ मध्ये वांशिक समतेसाठी निघालेला राष्ट्राध्यक्षांचा आदेश जानेवारी २०२५ मध्ये रद्द झाला. जे एका सहीने आले, ते एका सहीने गेले. निबंध मात्र अभ्यासक्रमात ठाण मांडून आहे.

आपल्या संविधानाच्या अनुच्छेद ३३५ मधील 'प्रशासनाची कार्यक्षमता' हे शब्द आरक्षणाविरुद्ध वर्षानुवर्षे शस्त्रासारखे वापरले गेले. कार्यक्षमतेचा अर्थ सर्वसमावेशक घ्यावा, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये पवित्रा खटल्यात म्हटले. निबंध आणि हा निकाल भावी अधिकाऱ्याच्या एकाच वहीत आले पाहिजेत. विल्सन वगळा, अशी आमची मागणी नाही. शिकवाच, पण १८८७ च्या शेजारी १९१३ ठेवून शिकवा. धार कशी लावावी हे सांगणाऱ्या शास्त्राने हात कोणाचा, हेही सांगितले पाहिजे.