समान भाषेमुळे सहकार्य वाढतं? माझ्याच एका वाक्याची चिकित्सा



माझ्या सिनॉप्सिसच्या पहिल्या मसुद्यात एक वाक्य होतं: 'समान भाषेमुळे राष्ट्रांमधील सहकार्य वाढते.' गाईड मॅडमनी त्यातल्या 'मुळे'भोवती लाल गोल केला आणि विचारलं, "हे कशावरून?" माझ्याकडे सदस्य देशांची यादी होती, रंगवलेला नकाशा होता. उत्तर मात्र नव्हतं. आज त्या वाक्याचीच चिकित्सा करू. असं गृहीतक तुमच्याही प्रपोजलमध्ये लपलेलं असू शकतं.

आधी थोडी ओळख. लॅटिनपासून निघालेल्या स्पॅनिश, पोर्तुगीज, फ्रेंच, इटालियन, रुमानियन या भाषांना 'रोमान्स भाषा' म्हणतात. (नाव ऐकून हसू नका, संबंध रोमशी आहे.) या भाषा बोलणाऱ्या देशांची 'लॅटिन युनियन' ही संघटना १९५४ च्या माद्रिद करारातून जन्मली. तिचं प्रत्यक्ष काम १९८३ मध्ये सुरू झालं. भाषाशिक्षण, वैज्ञानिक परिभाषा, साहित्य अशी तिची कामं. सदस्यसंख्या ३६ पर्यंत गेली. आणि २०१२ मध्ये, पैशांची तंगी असल्याने, सदस्य देशांनीच तिचं काम थांबवलं.

आता माझं वाक्य इथे लावून बघा. १९५४, १९८३ आणि २०१२ या तिन्ही वर्षी भाषांचं नातं तेच होतं. मग करारानंतर काम सुरू व्हायला जवळपास तीस वर्षं का लागली? आणि ते बंद का पडलं? जी गोष्ट बदललीच नाही, ती एकटी या बदलाचं कारण असू शकत नाही. वर्गणी कोण भरतं, ती भरून काय मिळतं, तेच काम दुसरी कुठली संघटना करते का, हे मी तपासलंच नव्हतं.

दुसरं उदाहरण पोर्तुगीजभाषी देशांच्या समुदायाचं, म्हणजे सीपीएलपीचं. १९९६ मध्ये लिस्बनला सात देशांनी तो स्थापन केला. २००२ मध्ये पूर्व तिमोर आला. २०१४ मध्ये दिली इथल्या परिषदेत इक्वेटोरियल गिनीला सदस्य करून घेतलं. हा देश १९६८ पर्यंत स्पेनची वसाहत होता. पोर्तुगीजशी त्याचं जुनं नातं आहे, पण ते बारीक: अ‍ॅनोबॉन बेटावर पोर्तुगीजवर आधारलेली एक क्रिओल भाषा बोलली जाते. बाकी देशात पोर्तुगीज बोलणारे फारसे नाहीत. प्रवेशाआधी सरकारने पोर्तुगीजला अधिकृत भाषेचा दर्जा देऊन टाकला. देशात तेल आहे, आणि १९७९ पासून एकच राष्ट्राध्यक्ष. म्हणजे इथे क्रम उलटा दिसतो: आधी एकत्र यायची इच्छा, मग भाषा!

"हा सगळा तेलाचा खेळ," असं म्हणून मोकळं व्हायचा मोह मलाही झाला. पण ती दुसरी घाई झाली. त्या देशात फाशीची शिक्षा होती, आणि तिच्यावर स्थगिती आणणं ही प्रवेशासाठीची अपेक्षा होती. २०१४ मध्ये स्थगिती आली, २०२२ मध्ये नव्या दंडसंहितेने ती शिक्षा रद्द केली. मग हे समुदायाचं यश म्हणायचं का? आठ वर्षांच्या अंतरात इतरही दबाव असू शकतात. एकामागून एक घडलं म्हणजे एकामुळे दुसरं घडलं, असं होत नाही. पण प्रश्न माणसांच्या जिवाचा आहे, त्यामुळे तो 'तेल' या एका शब्दात गुंडाळताही येत नाही.

आपल्या जवळचंही बघा. जानेवारी २०१४ मध्ये ल्युसोफोनिया स्पर्धा, म्हणजे पोर्तुगीजशी नातं असलेल्या देशांचे खेळ, गोव्यात झाल्या. २०२१ मध्ये भारत सीपीएलपीचा सहयोगी निरीक्षक झाला. गोव्याच्या रस्त्यावर मात्र कोंकणी आणि मराठी ऐकू येते. म्हणजे 'पोर्तुगीजभाषी' या शब्दात आज बोलणारी माणसं कमी आणि वसाहतीचा इतिहास जास्त मोजला जातोय का? माझ्या व्हेरिएबलची व्याख्याच इथे डळमळली.

मग भाषेचा काहीच उपयोग नाही? तसंही नाही. २०२१ मध्ये लुआंडात सीपीएलपीच्या देशांनी नागरिकांच्या ये-जा आणि वास्तव्यासाठी करार केला. शिकायला किंवा कामाला दुसऱ्या देशात जाणाऱ्याला तिथली भाषा आधीच येत असेल, तर अशा कराराचा फायदा घेणं नक्कीच सोपं जातं. पण करार व्हायला २५ वर्षं लागली. भाषेने वाट सोपी केली असेल, चालायचं कधी हे सरकारांनी ठरवलं.

म्हणून माझं वाक्य आता असं आहे: 'समान भाषा कोणत्या परिस्थितीत सहकार्याचा खर्च कमी करते, आणि कोणत्या परिस्थितीत ती केवळ प्रवेशाचे निमित्त ठरते?' वाक्य लांबलंय, पण निदान तपासता तरी येतं.

तुमच्या सिनॉप्सिसमधले सगळे 'मुळे' आज पेनाने गोल करा. प्रत्येकापुढे लिहा: कारण बदललं का? परिणाम आधी होता का? आणि माझं वाक्य खोटं ठरवणारी केस मी शोधली का? तिसऱ्या प्रश्नाला मी पूर्ण नापास झाले होते. तुमचं काय होतं ते नक्की कळवा.