पत्र्यावरचे दगड आणि घरकुलाचा हिशेब

२१ मार्च २०२४ रोजी सकाळी सहाच्या सुमारास हिंगोली जिल्हा ४.५ तीव्रतेच्या धक्क्याने हादरला आणि काही मिनिटांतच ३.६ चा दुसरा धक्का बसला. त्यानंतर प्रशासनाने एक आवाहन केले. पत्रे उडू नयेत म्हणून छपरावर दगड ठेवले असतील तर ते काढून घ्यावेत, असे त्यात सांगितले होते. या जिल्ह्यातल्या निवाऱ्याविषयी इतके खरे सरकारी निवेदन माझ्या वाचनात दुसरे नाही. दगड ठेवला तर तो भूकंपात डोक्यात पडणार आणि काढला तर वळवाच्या पहिल्याच वाऱ्यात पत्रा शेजारच्या शेतात जाणार. १० जुलैला पुन्हा ४.५ चा धक्का बसला. वसमत तालुक्यातील पांगरा शिंदे परिसरातले लोक तर जमिनीतून येणाऱ्या आवाजांबद्दल कितीतरी वर्षे सांगत आले आहेत.

अशा जिल्ह्यात सरकार घर बांधायला पैसे देते तेव्हा ते नेमके काय विकत घेते, हा माझा प्रश्न आहे.

योजनांची वाण नाही. केंद्राची प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण) २०१६ पासून आहे. राज्याच्या रमाई, शबरी, पारधी, यशवंतराव चव्हाण मुक्त वसाहत आणि मोदी आवास या योजना वेगळ्या. आंध आदिवासींच्या वस्त्या, बंजाऱ्यांचे तांडे, बौद्धवाडे असा हा जिल्हा असल्याने प्रत्येक योजनेला इथे माणसे सापडतात आणि एकाच गावातल्या घरांच्या फायली वेगवेगळ्या खात्यांत फिरतात. मे २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने ‘माझे घर, माझे अधिकार’ हे गृहनिर्माण धोरण मंजूर केले. २०३० पर्यंत ३५ लाख घरे आणि ७० हजार कोटींची गुंतवणूक, असे त्याचे आकडे आहेत. पण धोरणाचा सारा जीव पुनर्विकास, झोपडपट्टी आणि भाड्याची घरे यांत, म्हणजे शहरात गुंतलेला आहे. सेनगाव-औंढ्याचा माणूस त्यात शोधावाच लागतो. त्याच्या वाट्याला येते ते घरकुल.

घरकुलाचे मूळ अनुदान सपाट प्रदेशात १ लाख २० हजार रुपये. हा आकडा २०१६ चा आहे. किमान क्षेत्र २५ चौरस मीटर, म्हणजे सुमारे २६९ चौरस फूट. भागाकार केला तर फुटाला साधारण ४४६ रुपये पडतात. रोजगार हमीची ९० दिवसांची मजुरी २०२५-२६ च्या ३१२ रुपये दराने २८,०८० होते आणि शौचालयाचे १२ हजार वेगळे. हे सगळे एकत्र केले तरी बेरीज १ लाख ६० हजारांच्या आसपासच थांबते. पाच ब्रास वाळू मोफत देण्याचा निर्णय आहे, पण सिमेंट आणि सळई दुकानातूनच आणावी लागते. पैसा कमी पडला की गरीब माणूस काय वगळतो? खोली वगळत नाही, दार वगळत नाही. भिंतीत झाकले जाणारे लोखंड वगळतो, कारण ते कोणाला दिसत नाही.

सरकारलाही ते दिसत नाही. हप्ता सुटतो तो बांधकामाच्या टप्प्यांच्या फोटोवर: जोते झाले, भिंती वर आल्या, छत पडले. मोबाइलवरून काढलेल्या त्या फोटोला अक्षांश-रेखांश चिकटलेले असतात, त्यामुळे घर कुठे आहे ते कळते. बनवेगिरी रोखायला ही पद्धत चांगली आहे आणि तिने बोगस घरकुले कमी केली असतील, हे मी नाकारत नाही. पण जोत्यात आणि दारा-खिडक्यांच्या वर काँक्रीटचा अखंड पट्टा आहे की नाही, कोपऱ्यात उभी सळई आहे की नाही, हे गिलावा झालेल्या भिंतीच्या फोटोत कसे कळणार?

हे सारे मराठवाड्याला नवीन असते तर गोष्ट वेगळी. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीत माणसे मेली ती मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि माळवदाच्या ओझ्याखाली. त्यानंतरच्या पुनर्वसनात नव्या जागी वसवलेली ५२ गावे सर्वांना आठवतात. त्याच कार्यक्रमातला दुसरा भाग मात्र विस्मरणात गेला. हजारो गावांत लोकांनी आपली घरे आपल्याच जागी दुरुस्त आणि मजबूत केली. मदत तेव्हाही हप्त्यानेच मिळे, पण सोबत अभियंता येई, गवंडी शिकवला जाई आणि गावातली संवाद सहायक बाई शेजाऱ्यांना पट्टा कशासाठी घालायचा ते समजावून सांगे. मला नव्या धोरणातल्या कोणत्याही आकड्यापेक्षा ही संवाद सहायक महत्त्वाची वाटते. घरकुल योजनेतही गवंडी प्रशिक्षण आहे आणि भूकंपाचा विचार केलेल्या घरांचे नमुनेही छापलेले आहेत. फक्त हप्त्याचा त्यांच्याशी संबंध नाही.

२०२५ मध्ये राज्याने अनुदानात ५० हजारांची भर घातली, तिचे स्वागतच आहे. त्यातले ३५ हजार बांधकामासाठी आणि १५ हजार छतावरच्या सौर पॅनेलसाठी. छतावर काय बसवायचे याचा स्वतंत्र हिशेब झाला. छत ज्यावर टेकते त्या भिंतीतल्या पट्ट्यासाठी मात्र वेगळी रक्कम नाही आणि तपासणीच्या यादीत वेगळा रकानाही नाही.

फेब्रुवारी २०२५ मध्ये पुण्यातल्या कार्यक्रमात राज्यातील २० लाख लाभार्थ्यांच्या मंजुरीपत्रांचे वाटप सुरू झाले. त्यातली हिंगोलीतली जोती आत्ता खोदली जात आहेत. जोत्याचा पट्टा घर उभे राहिल्यावर घालता येत नाही.