पूर ओसरल्यावरची संमती

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०१७ साली माणसांवरील संशोधनासाठी नैतिक मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. त्यांतील बारावे प्रकरण आपत्तीकाळातील संशोधनाविषयी आहे. संकटात सापडलेल्या माणसाची संमती कितपत ऐच्छिक असते, नैतिक समितीने तातडीने काम कसे करावे, याचा विचार त्यात आहे. प्रकरण मोलाचे आहे. पण त्याचा भर आपत्तीमुळे हाती घेतल्या जाणाऱ्या संशोधनावर आहे. आपत्ती खुद्द संशोधन संस्थेवरच कोसळली तर तिथे आधीपासून चालू असलेल्या अभ्यासांचे काय? ही बाजू आम्हांला तोकडी वाटते.

हा प्रश्न काल्पनिक नाही. २९ ऑगस्ट २००५ रोजी अमेरिकेत कतरिना चक्रीवादळ आले. बांध फुटून न्यू ऑर्लिन्सचा सुमारे ८० टक्के भाग पाण्याखाली गेला. तेथील ट्युलेन विद्यापीठाचे वर्ग जानेवारी २००६ मध्ये पुन्हा भरले. वैद्यकीय महाविद्यालय तर काही काळ ह्यूस्टनहून चालवावे लागले. वीज गेली आणि शीतपेट्यांतील नमुने वितळले. ही हानी मोजता येते. पण चाचण्यांत भाग घेणारी माणसेही दूरदूर पांगली होती. चाचणीतले औषध अचानक बंद झाल्यास त्यांना अपाय होईल का, हे पाहायचे कोणी? अमेरिकी नियमानुसार, तातडीचा धोका टाळण्यापुरता अपवाद सोडला, तर समितीच्या मंजुरीवाचून चाचणीत बदल करता येत नाही. नियम योग्यच आहे; पण समितीचे सदस्यच बेघर झाले, तर मंजुरी द्यायची कोणी?

दुसरी अडचण शास्त्रीय आहे. पुरानंतर वर्गात निम्मीच मुले आली, तर त्यांच्या वजनाची सरासरी ही साऱ्या वर्गाची सरासरी नव्हे. ज्यांचे घर वाहून गेले, तीच मुले बहुधा गैरहजर असतात. चाचणीतही तसेच. जे परतले तेवढ्यांवरून निष्कर्ष काढला, तर औषध आहे त्याहून गुणकारी भासू शकते. शिवाय परतलेल्यांचा रक्तदाब औषधाने बदलला की काळजीने, हेही ठरवावे लागते.

म्हणून पुढील आवृत्तीत तीन गोष्टी स्पष्ट याव्यात असे आम्हांला वाटते : सहभागींची यादी गोपनीयता राखून दुसऱ्या शहरातही ठेवावी, दुसऱ्या संस्थेच्या समितीशी आधीच करार असावा, आणि काम पुन्हा सुरू करताना प्रत्येकाची संमती नव्याने घ्यावी. घर गमावलेल्या माणसाला आता नाही म्हणण्याचा पूर्ण हक्क आहे. आधी माणसांचा शोध घ्यावा, नमुन्यांचा नंतर.