जात्यावरील ओवीची लय : वाद्यविरहित ध्वनिमुद्रणाच्या संदर्भात

मराठीतील ओवीविषयक अभ्यास प्रामुख्याने मुद्रित संहितेवर उभा आहे. साने गुरुजींच्या ‘स्त्रीजीवन’सारख्या संग्रहांत आशय व नातेसंबंध यांची समृद्ध नोंद आढळते, लय मात्र कागदावर उतरत नाही. गी पॉइटवाँ व हेमा राईरकर यांनी एक लाखाहून अधिक ओव्या संकलित केल्या आणि बर्नार्ड बेल यांच्या सहकार्याने त्यांतील अनेकींचे ध्वनिमुद्रणही झाले. त्यामुळे ओवीची लय ऐकून तपासणे शक्य झाले.

परंतु तबला नाही, टाळ नाही, केवळ कंठ आहे, अशा ध्वनिमुद्रणाची लय ठरवावी कशी? संगणकाकडून मिनिटाला ठोक्यांचा एक आकडा मिळवून तो नोंदवणे सोपे आहे. प्रस्तुत लेखकास ते मान्य नाही. अशी साधने प्रामुख्याने ध्वनीतील आघातांची अंतरे मोजतात. तबल्याचा आघात स्पष्ट असतो. ओवीतील स्वर घसरत, लांबत जातो आणि आघाताची कड बोथट होते. शिवाय साधन दुपटीत वा निमपटीत फसते. समजा, जात्याचा एक फेरा तीन सेकंदांचा आहे, म्हणजे मिनिटाला २० फेरे. फेऱ्यागणिक आवाजाचे दोन आघात पडले तर ४०, चार पडले तर ८०. यांपैकी ओवीची लय कोणती? जाते ओढणाऱ्या हाताला विचारले तर २० हेच उत्तर येईल. म्हणून मापनाचे एकक फेरा हेच मानावे. मागे घरघर ऐकू येत असल्यास तिच्या चढउतारावरून फेरे मोजता येतात. दाणे टाकताना फेरा मंदावतो. तो दोष समजून पुसून टाकू नये.

खरी अडचण जात्याविना म्हटलेल्या ओवीची आहे. गिरणी आल्यावर जाते कोपऱ्यात गेले. साखरा परिसरात (जि. हिंगोली) आज एखाद्या विद्यार्थ्याने आजीची ओवी मोबाइलवर घेतली, तर ती बहुधा बसल्या जागी, आठवणीतून म्हटलेली असणार. तेथे ‘गं बाई’सारखे भरणीचे शब्द उपयोगी पडतात, ते पुनःपुन्हा येतात, म्हणून त्यांच्यातील अंतर मोजता येते. दहाबारा ओळींतील अशी अंतरे घ्यावीत, श्वासाचे थांबे वगळावेत, मध्यांकासोबत सर्वांत लहान व सर्वांत मोठे अंतरही द्यावे. एकच आकडा देणे म्हणजे नसलेली अचूकता मिरवणे होय. हे मापन स्मरणातल्या लयीचे आहे; जात्यावरच्या नोंदींत ते मिसळू नये. ज्या घरी जाते अजून फिरते, तेथे तीच ओवी दोन्ही रीतींनी मुद्रित करून घ्यावी.