सर्किटला न दुखवता मोजणं

सिडनीच्या डेव्हिड जोन्स यांच्या ‘मायक्रोकरंट’चा आराखडा २००९ साली ‘सिलिकॉन चिप’ मासिकात छापून आला. करंट मोजायला मल्टिमीटरला जोडायची, तळहातावर मावणारी एवढीशी डबी, पण तिच्या आतला विचार मला फार देखणा वाटतो.

करंट मोजायचा तर मीटरला सर्किटच्या वाटेतच बसावं लागतं. आतल्या शंट रेझिस्टरवर किती व्होल्टेज पडतं, यावरून तो आकडा सांगतो, आणि तेवढं व्होल्टेज सर्किटच्या वाट्यातून जातं. स्वस्तातल्या डीटी-८३० मीटरच्या २ मिलीअँपिअर रेंजवर हा शंट १०० ओहमचा असतो. स्लीप मोडमधल्या मायक्रोकंट्रोलरला त्याचा त्रास नाही. पण तोच जागा होऊन २० मिलीअँपिअर ओढू लागला, तर ३ व्होल्टपैकी २ मीटरच खातो. मायक्रोकंट्रोलर रीसेट होतो, उठतो, पुन्हा कोसळतो. पडद्यावर आकडा दिसलाच, तर तो मीटरनेच आजारी पाडलेल्या सर्किटचा.

जोन्स यांनी डबीच्या मिलीअँपिअर रेंजचा शंट १० मिलीओहमवर आणला. २० मिलीअँपिअरला त्यावर जेमतेम ०.२ मिलीव्होल्ट पडतात, सर्किटला त्याचा पत्ताही लागत नाही. एवढा क्षीण सिग्नल १०० पट वाढवायचा, तर अँप्लिफायरची स्वतःची चूक त्याहून कितीतरी लहान हवी. त्यांनी निवडलेल्या मॅक्स-४२३९ अँप्लिफायरची ही चूक, म्हणजे ऑफसेट, साधारण ०.१ मायक्रोव्होल्ट आहे. साऱ्या रचनेचा प्राण या निवडीत आहे. आणि गुणाकार असा जुळवलाय की १ मिलीअँपिअरला १ मिलीव्होल्ट मिळावा. साध्या मल्टिमीटरवर तो आकडा थेट वाचता येतो. डबीला वेगळा बटण सेल आहे, त्यामुळे ती मोजायच्या सर्किटच्या ग्राउंडमध्ये गुंतत नाही.

डबीची नॅनोअँपिअर रेंज मात्र जपून वापरावी. तिथे शंट १० किलोओहमचा आहे, म्हणजे जाग्या सर्किटचे हाल तेच. सुरुवात नेहमी मोठ्या रेंजवरून करावी.

मला आवडलेली आणखी एक गोष्ट: मल्टिमीटरची लाल लीड व्होल्टच्या सॉकेटमध्येच राहते. अँपिअरच्या सॉकेटमध्ये विसरलेली लीड पुढच्या वेळी सरळ बॅटरीवर टेकते आणि शॉर्ट होतो. डबीच्या इनपुटला मात्र हा धोका आहेच. लिथियम सेल शॉर्ट झाला की क्षणात दहा-वीस अँपिअर ओतू शकतो. तेव्हा आधी सप्लाय बंद करा, सर्किटची एक वायर सोडवा, त्या फटीत डबी जोडा आणि मगच सप्लाय द्या. सेलच्या दोन टोकांवर ती कधीही लावू नका.